इंदूरच्या विमानात डावीकडे बसावं की उजवीकडे? खिडकीतून दिसणारी तापी, नर्मदा आणि उज्जैन

उज्जैन : मुंबईहून इंदूरचं विमान सुटलं की तास-सव्वा तासाचा प्रवास. त्यातली पंधरा-वीस मिनिटं चढण्यात, तेवढीच उतरण्यात. मधल्या वेळात बहुतेक प्रवासी पडदा खाली ओढून डुलकी काढतात किंवा मोबाइलमध्ये डोकं घालतात. खाली मात्र त्याच वेळात त्र्यंबकेश्वरचे डोंगर, खान्देश, तापी, सातपुडा, नर्मदा आणि माळव्याचं पठार सरकत असतं. एसटीने किंवा ट्रॅव्हल्सने जो रस्ता रात्रभर अंग आंबवतो, तो एका बैठकीत नजरेखालून जातो. महाकालाच्या दर्शनाला खान्देशातून जाणाऱ्यांची गर्दी दरवर्षी वाढते आहे. नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या मुलांकडे पहिल्यांदा विमानाने निघणारे आई-वडीलही आता घरोघरी आहेत. खिडकीची सीट मिळाली तर करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक असलेलं बरं.

खिडकीतून बघणं हा रिकामा उद्योग नाही, याचा सगळ्यात मोठा दाखला उज्जैनचाच आहे. डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर हे मराठी घरातले. जन्म १९१९ साली नीमचचा, कर्मभूमी उज्जैन. १९५७ मध्ये ते भोपाळ-इटारसी मार्गावर रेल्वेने प्रवास करत होते. खिडकीतून दूर डोंगरावर खडकांचे विचित्र आकार दिसले. युरोपातल्या चित्रगुहांच्या परिसरात असेच खडक त्यांनी पाहिले होते. पुढे ते त्या डोंगरावर गेले आणि भीमबेटकाच्या हजारो वर्षांच्या शैलचित्रांचा शोध जगासमोर आला. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या गाडीत त्या दिवशी खिडकीशी बसलेले ते काही एकटेच नसणार. फरक इतकाच, की काय बघायचं हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

विमानाच्या खिडकीलाही तेच लागू आहे. काय दिसणार हे आधी माहीत असेल तर दिसतं, नाहीतर सगळं तपकिरी-हिरवं गोधडीसारखं वाटतं.

सरळ रेषेत काय काय येतं

नकाशावर मुंबई ते इंदूर सरळ रेघ ओढली तर ती वैतरणा धरणाजवळून त्र्यंबकेश्वरावर येते, पुढे सप्तशृंगीच्या आसपास जाते. डावीकडे साल्हेरचा किल्ला राहतो, उजवीकडे नाशिक. मग दोंडाईचा-शिरपूरच्या पट्ट्यात तापी, त्यापुढे सातपुडा, खलघाटच्या आसपास नर्मदा, डावीकडे मांडू आणि समोर इंदूर. विमान काही रेघ आखून जात नाही. हवामान, वाहतूक आणि धावपट्टीची दिशा यांनुसार वीस-पंचवीस किलोमीटर इकडेतिकडे होतंच. पण हा क्रम बदलत नाही. म्हणजे एकाच प्रवासात त्र्यंबकेश्वराच्या जवळून निघून, ओंकारेश्वराला उजव्या हाताला दूर ठेवून, महाकालाच्या दारात. तीन ज्योतिर्लिंगांचा हा भाग वरून एकसंध दिसतो.

खान्देशावर आल्यावर डावीकडे बसलेल्यांनी एक गोष्ट मुद्दाम शोधावी. धुळे-नंदुरबार जिल्ह्यांत जमिनीतून वर आलेल्या लांबच लांब काळ्या भिंती दिसतात. कुणीतरी पट्टी लावून ओढल्यासारख्या सरळ, बहुतेक पूर्व-पश्चिम. या मानवी भिंती नाहीत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठाराचा लाव्हा ज्या भेगांतून वर येत होता, त्या भेगांतच थिजून राहिलेला हा दगड. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला, हा टणक दगड उभा राहिला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. जमिनीवरून जाताना ती नुसती टेकाडांची ओळ वाटते, गावकरीही टेकडीच म्हणतात. काही भिंती कित्येक किलोमीटर लांब आहेत, हे वरूनच लक्षात येतं. खान्देशात जन्म काढलेल्या माणसालाही आपल्याच शिवाराची ही रचना विमानातून पहिल्यांदा कळते.

तापी ओळखायला सोपी आहे. सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे नदी तिथे लांबट तळ्यासारखी दिसते. उजव्या खिडकीतून हवा स्वच्छ असेल तर चोपडा-यावलच्या बाजूचा सपाट पट्टा दिसतो. एप्रिल-मे महिन्यात बाकी सगळं करपलेलं असताना जो गडद हिरवा चौकोनांचा पट्टा डोळ्यात भरतो, ती केळी. पाणी कुठे आहे आणि कुठे नाही, याचा एवढा उघड नकाशा दुसरीकडे मिळत नाही.

सातपुडा ओलांडला की नर्मदा. तापी आणि नर्मदा दोन्ही पश्चिमेला वाहतात आणि मध्ये सातपुडा भिंतीसारखा उभा, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य इथे दहा मिनिटांत डोळ्यांसमोर उलगडतं. खलघाटला मुंबई-आग्रा महामार्गाचा पूल नदी ओलांडतो, ती खूण पक्की. त्याच्या उजवीकडे, नदीच्या वरच्या अंगाला महेश्वर. अहिल्यादेवींचा घाट इतक्या उंचीवरून दिसेल अशी आशा धरू नये, पण नदीचं वळण आणि उत्तर काठावरचं गाव कळतं.

त्यानंतर लगेच जमीन एकदम वर चढते. हा विंध्याचा कडा. नर्मदेचं खोरं खाली राहतं आणि माळव्याचं पठार साधारण पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर सुरू होतं. कड्यात घळी कोरल्या गेलेल्या दिसतात, अजिंठ्याच्या डोंगराची आठवण यावी तशा. आठवण येण्याला कारण आहे, दगड तोच आहे. पठारावर मात्र डोंगर संपतात आणि काळ्या जमिनीची शेतं लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरला सोयाबीनचा हिरवा, जानेवारीत गव्हाचा हिरवा, मार्चमध्ये सोनेरी, मेमध्ये नांगरलेला काळा. एकाच प्रवासाचे चार ऋतूंतले चार फोटो शेजारी ठेवले तर एकच जागा आहे यावर विश्वास बसत नाही.

उज्जैन कुठून दिसतं

उज्जैनला अजून नियमित मोठी विमानं उतरत नाहीत. शहराजवळ दतानाला छोटी हवाई पट्टी आहे, पण प्रवाशांना विमानासाठी इंदूरच गाठावं लागतं. तिथून उज्जैन रस्त्याने पंचावन्न-साठ किलोमीटर. त्यामुळे इंदूरला उतरताना उज्जैन दिसेलच असं नाही. खरी संधी इंदूरहून दिल्लीला जाताना. उज्जैन इंदूरच्या जवळजवळ बरोबर उत्तरेला आहे आणि दिल्लीची सरळ रेघ शहराच्या पूर्वेकडून दहा-पंधरा किलोमीटर अंतरावरून जाते. म्हणजे उड्डाणानंतर काही मिनिटांतच, विमान अजून चढत असताना, डाव्या खिडकीत उज्जैन. पट्टा सोडायची सूचनाही कधी कधी झालेली नसते, म्हणून मोबाइल आधीच हातात हवा, बॅगेत नको.

महाकालाचं शिखर शोधायला जाऊ नये, सापडत नाही आणि तेवढ्यात शहर मागे पडतं. पाणी शोधावं. क्षिप्रा दक्षिणेकडून येते, शहराच्या पश्चिम कडेने वळणं घेत उत्तरेला जाते आणि पुढे चंबळेला मिळते. नदीच्या पूर्वेला दाट वस्तीत एक तळं दिसतं, तो रुद्रसागर. त्याच्या काठालगत ऑक्टोबर २०२२ मध्ये खुला झालेला महाकाल लोक. तळं सापडलं की मंदिर तिथेच. नदीच्या कडेने उत्तरेला सरकलं की गढकालिकेचा भाग, म्हणजे प्राचीन उज्जयिनीची जागा. या जुन्या नगराला मातीचा प्रचंड तट होता, हे १९५० च्या दशकातल्या उत्खननात स्पष्ट झालं. तटाचे उंचवटे सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सावली टाकतात. दुपारी बाराच्या उन्हात तेच उंचवटे सपाट वाटतात. पुराणवस्तू शोधणारे लोक वरून फोटो घेताना तिरपं ऊन का पसंत करतात, त्याचं हे कारण.

खान्देशातल्या वाचकांसाठी एक गंमत. उज्जैनचा रेखांश पूर्व ७५ अंश ४६ मिनिटांच्या आसपास आहे. भुसावळचाही जवळपास तोच. जुन्या भारतीय ज्योतिषात उज्जयिनीवरून जाणारी रेषा शून्य रेखांश मानली जायची, जशी आज ग्रिनिचची. म्हणजे त्या हिशेबाने भुसावळ मध्यरेषेवरचं गाव. सूर्य दोन्हीकडे एकाच वेळी डोक्यावर येतो, घड्याळाच्या बारानंतर सरासरी सत्तावीस मिनिटांनी. उज्जैनला सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा नदीजवळ शहराच्या नैर्ऋत्येला आहे, तिथल्या शंकुयंत्रावर आणि सम्राटयंत्रावर हे आजही बघता येतं.

आता एक प्रश्न हमखास येतो. उज्जैनवरून जळगाव दिसेल का? ३५ हजार फुटांवरून क्षितिज सुमारे ३७० किलोमीटर दूर असतं. उज्जैन ते जळगाव हवाई अंतर २४० किलोमीटरच्या आसपास. गणिताने दिसायला हरकत नाही. प्रत्यक्षात धूळ आणि बाष्प यांमुळे शंभर-दीडशे किलोमीटरच्या पुढे सगळं निळसर धूसर होतं. पाऊस संपल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हवा सगळ्यात स्वच्छ. हिवाळ्याच्या सकाळी खाली धुकं आणि धूर साचतो, लोकांना वाटतं थंडीत छान दिसेल, पण तसं होत नाही.

सीट निवडताना

नियम एकच, सूर्य ज्या बाजूला त्याच्या उलट बाजूला बसायचं. मुंबई-इंदूर आणि इंदूर-दिल्ली दोन्ही प्रवास उत्तरेकडे-ईशान्येकडे जाणारे. सकाळी ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावी बाजू, सीटचं अक्षर ए. दुपारनंतर उजवी, म्हणजे एफ. सकाळच्या दिल्ली विमानात डावीकडे बसलं तर ऊनही पाठीशी आणि उज्जैनही समोर, असा योग जुळतो. संध्याकाळी डावीकडे ऊन डोळ्यांवर येईल, फोटो फिकट येतील. पण तेव्हा दुसरी गोष्ट मिळते. समोरच्या उन्हात पाणी चांदीसारखं चमकतं. कुठल्या नदीत पाणी आहे, कुठलं तळं कोरडं पडलंय, हे एका नजरेत कळतं.

इंदूर मार्गावरच्या एअरबस विमानांत साधारण नऊ-दहापासून विसाव्या रांगेपर्यंत पंख आडवा येतो. त्याच्या पुढची सीट उत्तम. मागची चालते, पण इंजिनाच्या गरम हवेमुळे चित्र पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. जळगावहून उडणारी छोटी एटीआर विमानं मात्र वेगळी. त्यांचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं दृश्य मोकळं. शिवाय ती कमी उंचीवरून जातात, घरं-रस्ते सुद्धा ओळखू येतात. पुढच्या भागात पंखा दिसतो आणि मोबाइलच्या फोटोत त्याची पाती वाकडीतिकडी, तुटलेली येतात. घाबरू नये. मोबाइल फोटो एका क्षणात घेत नाही, ओळ-ओळ करून वाचतो, तेवढ्यात पातं फिरलेलं असतं.

सीट नकाशात खिडकी दाखवली म्हणजे खिडकी असेलच असं नाही. काही रांगांत नुसती भिंत येते. जादा पैसे भरून सीट घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं, नंतर तक्रार करून पैसे परत मिळणं अवघड.

काचेचा त्रास

विमानाच्या खिडकीला एक काच नसते, एकामागे एक तीन थर असतात आणि तेही बहुधा ॲक्रिलिकचे. आतला थर प्रवाशांच्या हाताने, डोक्याने ओरखडलेला. मधल्या थराला खाली एक बारीक भोक असतं, दाब सारखा राहावा आणि काचेवर बाष्प धरू नये म्हणून. त्याच्याभोवती बर्फाची नक्षी जमते. हे सगळं फोटोत येऊ नये म्हणून मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरायचा, पण टेकवायचा नाही. टेकवला की विमानाची थरथर फोटोत उतरते. दुसरा शत्रू म्हणजे काचेतलं प्रतिबिंब. स्वतःचा पांढरा शर्टच फोटोत ढगासारखा दिसतो. गडद रंगाची शाल, ओढणी, स्वेटर, काहीही मोबाइलभोवती धरावं. फ्लॅश बंद. दूरच्या जमिनीवर बोट ठेवून फोकस पक्का करावा आणि उजेड थोडा कमी करावा, कारण मोबाइल धूसर दृश्य उगाच उजळ करतो. कॅमेरा असेल तर शटरचा वेग पाचशेच्या वर. पोलरायझर फिल्टर लावून बसू नये, जमिनीवर तो कामाचा, पण ॲक्रिलिकमधून इंद्रधनुष्यी डाग उठतात.

लांबच्या प्रवासाच्या बोइंग ७८७ मध्ये खिडक्या मोठ्या, पण ओढायचा पडदा नसतो. बटण दाबून काच निळी-गडद होते आणि ते नियंत्रण कर्मचाऱ्यांच्याही हातात असतं. सगळे झोपावेत म्हणून भर दिवसा खिडक्या काळ्या केल्या जातात. विनंती केली तर थोडी उजळू देतात, शेजारी झोपला असेल तर आग्रह धरू नये.

फोटो कुठला हे नंतर कळत नाही, ही सगळ्यांची अडचण. यावर साधा उपाय आहे. मोबाइल फ्लाइट मोडवर असला तरी बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालतं, कारण ते नुसतं उपग्रहाचे संकेत ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही. निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यावा. फोन खिडकीशी धरला की थोड्या वेळाने निळा ठिपका शिरपूरवर, मग सेंधव्यावर सरकताना दिसतो.

फोटो काढायला परवानगी आहे का

प्रवासी म्हणून विमानातून फोटो किंवा व्हिडिओ काढता येतो, हे डीजीसीएने सप्टेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. अट एवढीच, की सुरक्षिततेला धोका, गोंधळ किंवा कामात अडथळा होता कामा नये. लष्करी विमानतळांचं मात्र वेगळं आहे. पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं, नाशिकचं ओझरही संरक्षण क्षेत्रातलं. मे २०२५ मध्ये अशा विमानतळांवर चढता-उतरताना खिडकीचे पडदे खाली ठेवण्याचा आणि फोटो न काढण्याचा आदेश निघाला. पडद्यांबाबतच्या सूचना परिस्थितीनुसार बदलतात, त्यामुळे हवाई सुंदरी सांगेल ते ऐकायचं, वाद घालायचा नाही. इंदूरचा विमानतळ नागरी आहे.

सीमेवरच्या तणावाचा परिणाम लांबच्या प्रवासावरही झाला. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली. त्याआधी दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाताना सिंधूचं खोरं आणि अफगाणिस्तानचे बर्फाळ डोंगर दिवसाच्या विमानातून दिसायचे. आता विमान आधी गुजरातकडे उतरून अरबी समुद्रावर जातं. प्रवासाचा वेळ वाढला, अमेरिकेच्या काही विमानांना युरोपात थांबून इंधन घ्यावं लागलं. उज्जैन-इंदूरच्या मराठी घरांतले जे ज्येष्ठ वर्षाआड मुलांकडे जातात, त्यांच्यासाठी हा दोन-तीन तासांचा फरक गुडघ्यांना जाणवणारा आहे.

जपून ठेवण्यासारखे फोटो

उज्जैनचे फोटो आत्ता घेण्याला एक वेगळं कारणही आहे. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरचा आणि २०२८ ला उज्जैनचा सिंहस्थ. दोन्ही ठिकाणी जमीन झपाट्याने बदलते आहे. उज्जैनमध्ये मेळ्याच्या क्षेत्रात कायमस्वरूपी बांधकामासाठी शेतजमिनी घेण्याच्या योजनेविरुद्ध २०२५ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. नदीकाठची जी गव्हाची शेतं आज डाव्या खिडकीत दिसतात, ती चार-पाच वर्षांनी तशी असतील का, हा तिथे रोजचा वाद आहे.

क्षिप्रेचं तसंच. उन्हाळ्यात या नदीला स्वतःचं पाणी जवळपास उरत नाही. २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोड योजना सुरू झाली. ओंकारेश्वरच्या बाजूचं नर्मदेचं पाणी पंपाने विंध्याच्या कड्यावर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडतात. जो कडा विमानातून एका मिनिटात ओलांडला जातो, त्यावर पाणी चढवायला किती वीज लागत असेल, याचा अंदाज वरून बघणाऱ्याला चटकन येतो. दुसरीकडे इंदूरचं सांडपाणी आणणारी कान्ह नदी उज्जैनच्या वरच्या अंगाला त्रिवेणीजवळ क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी ते पाणी पाइपलाइनने शहर टाळून पुढे नेलं, आता २०२८ साठी बंदिस्त नलिकेचं काम हाती आहे. मे महिन्यातला आणि सप्टेंबरमधला असे दोन फोटो एकाच खिडकीतून घेतले, तर नदीत पाणी कधी असतं आणि कधी आणलेलं असतं, हे घरबसल्या पडताळता येतं.

असे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होण्यापेक्षा मूळ फाइल ठेवावी. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि सोबतची तारीख, वेळ, ठिकाणाची माहिती गळून जाते. फाइलच्या नावात तारीख, विमानाचा मार्ग आणि डावी की उजवी खिडकी एवढं लिहिलं तरी पुरे. परतीच्या तिकिटावर दिल्लीहून इंदूर असेल तर बाजू उलटते, उज्जैन उजवीकडे येतं आणि तेव्हा विमान उतरत असतं, म्हणजे शहर अधिक जवळून दिसण्याची शक्यता.